फिचिनो वाचण्याआधी

प्रबोधनकाळाचं तत्त्वज्ञान वाचायला घेताय? मग ‘मध्ययुगात अंधार, नंतर एकदम उजेड’ हे शाळेतलं चित्र आधी पुसा. सोळाव्या शतकातही इटलीच्या विद्यापीठांत ॲरिस्टॉटलच शिकवला जात होता. आत्म्याचं अमरत्व तर्काने सिद्ध होत नाही, असं १५१६ मध्ये पोम्पोनात्सी या इटालियन तत्त्वज्ञाने मांडलं, तेही ॲरिस्टॉटलचाच आधार घेऊन.

नवखा वाचक अडतो तो फिचिनोपाशी, म्हणजे पंधराव्या शतकातल्या फ्लोरेन्सच्या तत्त्वज्ञापाशी. त्याने प्लेटोचे संवाद लॅटिनमध्ये आणले, ते १४८४ मध्ये छापले गेले. पण त्याचा प्लेटो प्लोटिनसच्या, म्हणजे तिसऱ्या शतकातल्या प्लेटोवादी तत्त्वज्ञाच्या, चष्म्यातून पाहिलेला आहे. त्यामुळे आधी प्लेटोचा ‘सिम्पोझियम’ हा प्रेमावरचा संवाद, मग प्लोटिनसचा सौंदर्यावरचा छोटा निबंध (त्याच्या ‘एन्नेअड्स’ या ग्रंथाचा पहिला भाग, सहावं प्रकरण) आणि शेवटी फिचिनोचं ‘सिम्पोझियम’वरचं भाष्य, असं वाचा. एकच धागा पकडा: सौंदर्य. प्लेटोकडे एका सुंदर देहापासून पायरीपायरीने वर चढायचं असतं. प्लोटिनस आत वळायला सांगतो, स्वतःलाच मूर्तीसारखं घडवायला. फिचिनोकडे तेच सौंदर्य ईश्वराचं तेज होऊन वरून खाली झिरपतं. हा फरक समासात लिहून ठेवा. मधला टप्पा गाळलात तर फिचिनोची भर कोणती, हे कळणारच नाही.

पिको या फिचिनोच्या तरुण समकालीन तत्त्वज्ञाच्या १४८६ च्या, माणसाच्या थोरवीवरच्या भाषणाची घाई नको. ते ९०० विधानांवरच्या वादसभेची प्रस्तावना होतं, आणि त्या विधानांत अक्विनास नि इब्न रुश्द हे मध्ययुगीन तत्त्वज्ञही आहेत. नुसतं भाषण वाचणारे नेमकं हेच विसरतात.