औषधांच्या ट्रायलच्या (माणसांवरच्या चाचण्यांच्या) कामाला नवीन लागलेल्यांसाठी

नाशिकमध्ये हे काम सुरू करतोयस, आनंद वाटला. आधी संमतीपत्र नीट शिक. ‘ताई, इथे सही करा’ असं कधीच म्हणू नकोस.

वांगाच्या क्रीमच्या अभ्यासात निफाडच्या एक मावशी आल्या होत्या. वाचता येत नव्हतं. तटस्थ साक्षीदारासमोर सगळं मराठीत वाचून दाखवलं, शंका फेडल्या, मग अंगठा घेतला. ‘सध्या तोंडाला काय लावता?’ तर म्हणाल्या, काहीच नाही. पिशवीतली औषधं दाखवा म्हटल्यावर चेपलेली ट्यूब निघाली, गोरं होण्यासाठी आणलेली, स्टेरॉइडवाली. ती चालू राहिली असती तर गुण कुठल्या क्रीमचा हे कळलंच नसतं. म्हणून पिशवी बघच.

नवी औषधे आणि क्लिनिकल ट्रायलच्या 2019 च्या नियमांप्रमाणे पहिला पेशंट घेण्याआधी ट्रायल सीटीआरआयवर, म्हणजे ट्रायल्सच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत, नोंदलेली हवी, स्वतः तपास. गंभीर दुष्परिणाम 24 तासांत कळवायचा, दिवाळी असली तरी. ‘क्रीममुळे नसेल’ म्हणून थांबू नकोस.

द्राक्षतोडणीच्या दिवसांत फॉलोअप चुकतात, तारखा देतानाच विचारून घे. कोणी आलं नाही तर मागची तारीख टाकून आकडा भरू नकोस, वरिष्ठांनी सांगितलं तरी. रकाना रिकामा ठेव, कारण लिही, सही कर.