पोर्टफोलिओ साइट नव्यानं करतोयस? आधी जुने पत्ते उतरवून घे

रंग-फॉन्टला हात लावण्याआधी जुन्या साइटच्या प्रत्येक पानाचा पत्ता उतरवून घे. रचना बदलली की पत्ते बदलतात आणि रेझ्युमेतली लिंक ४०४, म्हणजे ‘पान सापडलं नाही’, दाखवते. मुलाखत घेणारा मग शोधत बसत नाही. जुन्या पानावरून त्याच मजकुराच्या नव्या पानावर ३०१ रीडायरेक्ट लाव, म्हणजे जुना पत्ता उघडणारा आपोआप नव्या पानावर पोचतो. सगळं सरसकट होमपेजकडे वळवू नकोस.

मराठी मजकुराला लाइन-हाइट (ओळीची उंची) फॉन्टच्या आकाराच्या १.६ पट तरी हवी, नाहीतर वरच्या ओळीतल्या ‘कृष्णा’चा ऋकार खालच्या ‘मिरज’च्या वेलांटीला भिडतो. लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) शून्यच ठेव; वाढवलंस की शिरोरेषा तुटते, फार वाईट दिसतं ते.

फोटो १२०० पिक्सेल रुंद, वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये, २०० केबीच्या आत. शेवटी सांगली-सातारा एसटीत बसून मोबाइल डेटावर साइट उघडून बघ. घरच्या वायफायवर सगळंच पळतं.