फ्युनरल डायरेक्टर नेमकं काय काम करतो? मुंबईत असं कुणी असतं का?

तुम्ही चार गोष्टी विचारल्यात. परदेशी मालिकांत दिसतो तो काळ्या कोटातला फ्युनरल डायरेक्टर करतो काय, मुंबईत त्याची गरज आहे का, या धंद्यातले लोक लुटतात का, आणि तुमच्या धाकट्या भावाला या धंद्यात पडायचंय तर पडू द्यावं का. भावाचं शेवटी सांगते.

परळच्या बाजूला आमचं मर्तिकाच्या सामानाचं दुकान आहे. वडिलांनी टाकलं, गेली एकोणीस वर्षं मी बघते. वडिलांच्या वेळी बांबू, कामट्या, सुतळी, मडकं, कोरं कापड, गुलाल, बुक्का, कापूर असं सगळं गोणपाटात बांधून दिलं की दुकानाचं काम संपायचं. पुढचं चाळ करायची. तिरडी बांधणारा एक काका प्रत्येक चाळीत असायचाच. कुणी डॉक्टरला आणायला धावायचं, कुणी गावी तार करायचं, कुणी बायकांना चहा करून द्यायचं. गिरण्या गेल्या, चाळींचे टॉवर झाले आणि तो काका डोंबिवलीला किंवा वर गेला. आता फोन येतो तो असा: "ताई, बाबा गेले. काय करायचं असतं?" चाळ जे फुकट करायची ते मी पैसे घेऊन करते. माझ्या धंद्याची व्याख्या एवढीच.

अमेरिकेत याचं शिक्षण असतं, बहुतेक राज्यांत परवाना लागतो. आपल्याकडे तसं काही नाही, उद्या कुणीही पाटी लावू शकतो. त्यामुळे माणूस बरा की वाईट हे त्याच्या पहिल्या प्रश्नावरून ओळखा. "किती माणसं येणार, गाडी कुठली हवी" असं विचारायला लागला तर फोन ठेवा. माझा पहिला प्रश्न असतो, डॉक्टरांनी पाहिलं का?

कारण घरी मृत्यू झाला असेल तर मृत्यूच्या कारणाचा दाखला लागतो, नमुना ४अ. रुग्णालयात झाला तर नमुना ४, तो तेच देतात. शेवटच्या आजारात ज्यांनी उपचार केले त्या डॉक्टरांनी हा दाखला विनाशुल्क द्यायचा, असं जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात, म्हणजे १९६९ च्या, लिहिलेलं आहे. पण वर्षभरात डॉक्टरांचं तोंडही पाहिलेलं नसेल तर ते का सही करतील? मग रात्री दोनला रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत न्यायचं, तिथे 'दाखल करण्यापूर्वी मृत' असा शेरा पडतो आणि पोलीस येतात. पडून, भाजून, विषाने किंवा काही संशय असेल तर ते टळतच नाही. अकस्मात मृत्यूची नोंद, पंचनामा, शवविच्छेदन. पूर्वी त्याला फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७४ म्हणायचे, १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते १९४ झालंय. रात्री शवविच्छेदनाची मुभा केंद्राने नोव्हेंबर २०२१ मध्ये सोय असलेल्या रुग्णालयांना दिली खरी, त्यातून खून, आत्महत्या, संशयाची प्रकरणं वगळून. तरी मी घरच्यांना सकाळच धरून चला म्हणते. घरात म्हातारं, अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर त्याची फाइल आणि डॉक्टरांचा नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा. अभद्र वाटेल, पण चिकटवा.

"ओळखीच्या डॉक्टरकडून न बघता दाखला आणून द्या, वरचे देतो" ही मागणी महिन्यातून एकदा तरी येते. देत नाही. माझं गिऱ्हाईक तिथून शेजारच्या दुकानात जातं, जाऊ दे.

डॉक्टर येईपर्यंतचा तास-दोन तासांचा वेळ फार महत्त्वाचा असतो आणि नेमका तोच रडण्यात आणि फोनवर जातो. मुंबईच्या उकाड्यात अंग लवकर ताठायला लागतं. डोळे मिटवायचे, हनुवटीखालून कापड घेऊन डोक्यावर गाठ मारायची, हातपाय सरळ करायचे, पायाचे अंगठे बांधायचे. अंगठी, बांगड्या आत्ताच उतरवायच्या. त्या घरातल्या दोघांसमोर मोजून तिसऱ्याच्या हातात द्यायच्या, माझ्या नाही. नेत्रदान करायचं असेल तर सहा तासांच्या आत. तोवर पंखा बंद, डोक्याखाली उशी, मिटलेल्या पापण्यांवर ओला कापूस. नेत्रपेढीची माणसं घरी येऊन अर्ध्या तासाच्या आत काम करून जातात, चेहरा विद्रूप होत नाही. देहदानाचं मात्र शवविच्छेदन झालं की संपलं, वैद्यकीय महाविद्यालयं तो देह घेत नाहीत.

आणि पेसमेकर. हे विचारायला कुणालाच सुचत नाही. छातीत पेसमेकर असेल तर तो आधी काढून घ्यावा लागतो, विद्युत दाहिनीच्या उष्णतेत त्याची बॅटरी फुटते. भट्टीचं नुकसान होतं आणि समोरचा कर्मचारी भाजू शकतो. मी हे डॉक्टर असतानाच विचारून घेते.

मग "किती वाजता काढणार?" हा प्रश्न सुरू होतो. पुण्याचा मुलगा येतोय, बंगळुरूची मुलगी विमानात बसलीय, आत्या म्हणते थांबू नका. थांबायचं असेल तर शीतपेटी मागवते, बर्फाच्या लादीपेक्षा ती बरी. घरात पाणी होत नाही. वेळ ठरली की मी स्मशानात फोन करून ठेवते, कारण शिवाजी पार्कला काय किंवा चंदनवाडीला काय, एका वेळी तीन-चार मयतं असली की दाहिनीसाठी थांबावं लागतं. रांगेत ताटकळत उभं राहण्यापेक्षा घरी अर्धा तास जास्त बसलेलं चांगलं.

टॉवरची एक वेगळीच कटकट. बाविसाव्या मजल्यावरून बांधलेली तिरडी खाली येत नाही. स्ट्रेचरची लिफ्ट असेल तर प्रश्न मिटला, नसेल तर कापडी स्ट्रेचरवर बांधून जिन्याने आणायचं आणि तिरडी खाली पार्किंगमध्ये बांधायची. मग सोसायटीचा सेक्रेटरी म्हणतो, गाड्यांच्या रांगेत नको, मुलं खेळतात. मी त्याच्याशी वाद घालत नाही. त्याच्याच हातात काथ्याचं एक टोक देते आणि म्हणते, धरा जरा. आजवर एकानेही सोडलं नाही. लालबागमध्ये गणपतीच्या दहा दिवसांत तर शववाहिनीचा रस्ता वाहतूक पोलिसांशी बोलून ठरवावा लागतो. अनंत चतुर्दशीला शक्यतो पहाटेच निघते.

स्मशानातलं सगळं इथे लिहीत नाही, ते गुरुजी सांगतात. दोनच गोष्टी. मडक्याला ज्या दगडाने भोक पाडतात तो अश्मा पुढे दहाव्यापर्यंत लागतो आणि तो हमखास हरवतो. गर्दीत कुणाच्या तरी हातात राहतो, मग दहाव्याला गुरुजी विचारतात आणि सगळे एकमेकांकडे बघतात. मी तो कापडात बांधून, न रडणारा एखादा जावई बघून त्याच्या खिशात टाकते. दुसरं, लाकूड की दाहिनी हे घरीच ठरवून या. पालिकेच्या स्मशानात ठरावीक लाकूड मोफत मिळतं, तरी तिथे गेल्यावर भावाभावांत वाद होतात. दाहिनीत काम तासा-दोन तासांत होऊन अस्थी त्याच दिवशी मिळतात. सरणाच्या सावडायला नंतर यावं लागतं.

अग्नी कुणी द्यायचा यावरून होणारी भांडणं मी पुष्कळ पाहिली. मुलगी देते म्हणाली की एक तरी काका पुढे येतो. माझं मत विचारलं तर सांगते की माझ्या वडिलांना मीच दिला, शिवाजी पार्कला, म्हणजे रत्नागिरीचं पतितपावन मंदिर बांधणाऱ्या भागोजीशेठ कीरांच्या नावाच्या स्मशानात. कुणी अडवलं नाही. पण विचारल्याशिवाय मी तोंड उघडत नाही, तो घरच्यांचा निर्णय. बौद्ध घरांत हे मडक्याचं प्रकरण नसतं. पांढरं कापड, मेणबत्त्या, त्रिशरण-पंचशील, पुढे जलदान विधी आणि पुण्यानुमोदन. त्यांना गुलाल-बुक्क्याची पुडी दिली की दुकानदार अडाणी ठरतो. लिंगायतांत दफन, तेही बसवून. तान्ह्या मुलांचंही बहुतेक घरांत दफनच, आणि ते काम मी आजही हात थरथरल्याशिवाय करू शकत नाही. ख्रिश्चनांचे शवपेट्या करणारे, चर्चशी बोलणारे स्वतःचे लोक आहेत. तुमच्या मालिकेतल्या माणसाच्या जवळचं मुंबईत कुणी असेल तर तेच. मुसलमान आणि पारशी समाजात त्यांची-त्यांची माणसं आहेत, तिथे माझं काम नाही.

विमानाने न्यायचं असेल तर काम कागदांचंच. देहात औषध भरून तो टिकवल्याचा दाखला, पेटी बंद केल्याचा दाखला, मृत्यूचा दाखला, पोलिसांचं ना हरकत पत्र. देह प्रवाशांबरोबर नाही, मालवाहतुकीतून जातो. हे आधी सांगितलं नाही तर विमानतळावर घरच्यांना धक्का बसतो.

आता माझी चूक सांगते. पाचेक वर्षांपूर्वी भोईवाड्यातले एक आजोबा घरीच गेले. डॉक्टरांचा दाखला मिळाला, पोलीस ठाण्यातून पत्र घेतलं आणि रात्रीच गाडी करून त्यांना कोकणात गावी नेलं. सगळं सुरळीत झालं म्हणून मी खूश. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू होतो तिथे करायची असते, अंत्यसंस्कार होतात तिथे नाही. म्हणजे नोंद मुंबईतच व्हायला हवी होती, २१ दिवसांच्या आत. इथल्या स्मशानात गेले असते तर नोंदवहीत आपोआप नाव चढलं असतं. गावी नेल्यामुळे ते झालं नाही आणि मला सांगायचं सुचलं नाही. तेराव्यानंतर घरचे शेतीच्या कामात अडकले, दोन महिन्यांनी परत आले आणि बँकेने दाखला मागितला. ३० दिवस उलटून गेले की तेव्हा विलंब शुल्क, प्रतिज्ञापत्र आणि वरच्या अधिकाऱ्याची परवानगी लागायची. आजींचे पैसे बँकेत अडकून राहिले, त्या दर आठवड्याला दुकानात यायच्या. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "झालं का गं काही?" एवढंच विचारायच्या. तेव्हापासून गावी जाणाऱ्या गाडीच्या पाकिटात मी एक चिठ्ठी ठेवते: दाखल्याची मूळ प्रत, ग्रामपंचायतीकडून अंत्यसंस्काराची पावती, आणि मुंबईत नोंद करायची शेवटची तारीख लाल पेनने. नाव आधार कार्डावर आहे तसंच लिहा, हेही. 'बाळकृष्ण'चं 'बाळू' झालं की पुढे वारसदारांना त्रास.

पैशांचं बोलायलाच हवं. तुमच्या प्रश्नात "लुटतात का?" असंही होतं. हो, लुटतात. अशा वेळी घासाघीस करायची लाज वाटते, त्यावर हा धंदा चालतो. चंदनाच्या नावाखाली वासाची साधी काठी, 'स्पेशल तूप', वेटिंगचे पैसे. अमेरिकेत १९८४ पासून सरकारी नियम आहे की प्रत्येक गोष्टीचा वेगळा दर छापून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, नको ते वगळायची मुभा ठेवायची. मला कुणी सक्ती केलेली नाही, पण मी एका कागदावर लिहून देते, आणि पैसे तेराव्यानंतर घेते. बुडतात का? थोडे बुडतात. बहुतेक लोक न मागता आणून देतात, सोबत पेढे नसतात एवढंच.

आता तुमचा भाऊ. त्याला आधी महिनाभर कुणाच्या तरी हाताखाली फुकट काम करू द्या. गाठ मारता येते, अर्ज भरता येतो, ते कुणीही शिकतो. रात्री दोनला उठून शांत आवाजात बोलता येतं का आणि सकाळी घरी येऊन जेवता येतं का, हे त्याचं त्याला कळेल. उत्पन्न बरं आहे, सुट्टी नाही. लग्नाचं मात्र आधी बघा. मला दोन स्थळांनी दुकानाचं ऐकून नकार दिला होता. तिसऱ्यांनी दिला नाही, पण माझ्या सासूबाई अजूनही सातारला सांगतात की सुनेचं पूजेच्या सामानाचं दुकान आहे. तसं खोटं नाही ते. कापूर, तूप, गुलाल आम्ही विकतोच.