वाचकांचे प्रश्न : मॉरिशसचा काळा कातळ

प्रश्न : आम्ही पती-पत्नी, दोघेही निवृत्त शिक्षक, ऑगस्टमध्ये मुलाच्या कुटुंबासोबत मॉरिशसला जाणार आहोत. नातवंडे समुद्रावर रमतील, पण आम्हाला पाण्यातील खेळांची आवड नाही. हे बेट ज्वालामुखीतून घडले, असे वाचले होते. दोन दिवस गाडी करून त्याच्या खुणा पाहता येतील का? काही धोका तर नाही ना? (एक वाचक, सातारा)

उत्तर : धोका नाही. मॉरिशसमध्ये माणसाच्या ज्ञात इतिहासात एकही उद्रेक झालेला नाही. सुमारे 200 किलोमीटरवरील रीयुनियन बेटावरचा ज्वालामुखी मात्र आजही वारंवार जागा होतो. आपण साताऱ्याचे आहात, म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतो. बहुतेक भूशास्त्रज्ञांच्या मते, पृथ्वीच्या पोटातील ज्या उष्ण स्रोतामुळे सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हाचे थर पसरले, त्याच स्रोतावर, भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकून गेल्यानंतर पुष्कळ काळाने, म्हणजे सुमारे 80 ते 90 लाख वर्षांपूर्वी, मॉरिशस समुद्रातून वर आले. अजिंक्यताऱ्याचा कातळ आणि तेथील कातळ यांचे मूळ असे एकच आहे. हे मनात ठेवून फिरलात, तर रस्त्याकडेचा दगडही ओळखीचा वाटेल.

बेट उत्तर-दक्षिण सुमारे 65 आणि पूर्व-पश्चिम सुमारे 45 किलोमीटर आहे, त्यामुळे दोन दिवस पुरतात. पहिल्या दिवशी सकाळी लवकर क्यूरपीपला जावे. हे गाव मधल्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे. तेथील त्रू ओ सेर्फ हे ज्वालामुखीचे मुख सुमारे 300 मीटर रुंद असून त्याच्या उतारांवर आता दाट झाडी आहे आणि तळाशी लहानसे डबके आहे. काठावरच्या रस्त्याने सावकाश एक फेरी मारावी. चारी बाजूंना दिसणारे सुटे, टोकदार डोंगर म्हणजे मूळ महाज्वालामुखीच्या ढासळलेल्या कडांचे अवशेष मानले जातात. ऑगस्ट हा तेथील हिवाळा असतो आणि या पठारावर पाऊस केव्हाही येतो, म्हणून स्वेटर आणि छत्री दोन्ही जवळ असू द्यावीत.

तेथून गंगा तलाव. हाही मुळात ज्वालामुखीच्या मुखात साठलेला तलाव आहे आणि आज मॉरिशसमधील हिंदूंचे सर्वांत मोठे तीर्थक्षेत्र आहे. महाशिवरात्रीला बेटाच्या कानाकोपऱ्यातून लोक कावड घेऊन येथे पायी येतात. 33 मीटर उंचीची शंकराची मूर्ती दुरूनच दिसते, तरीही मी आपल्याला पाण्याच्या काठावर थोडा वेळ शांत बसण्यास सांगेन. दुपारी ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानातील दरीचे दर्शन घेऊन चामारेलला उतरावे आणि संध्याकाळी ल मॉर्न गाठावे. समुद्रात घुसलेल्या या 556 मीटरच्या कड्यावर पळून आलेले गुलाम आश्रय घेत असत. 2008 पासून हे स्थळ जागतिक वारशाच्या यादीत आहे. कड्यावर चढण्याचा आग्रह धरू नये. पायथ्याशी उभे राहिले तरी त्या माणसांनी ही जागा का निवडली असेल, हे समजते.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजधानी पोर्ट लुईमधील आप्रवासी घाट, म्हणजे करारावर आणलेल्या मजुरांना बोटीतून जेथे उतरवत ते ठिकाण, पाहावा. हा दिवस शनिवार-रविवार नसेल असे पाहावे. 1834 पासून असे जवळजवळ पाच लाख मजूर, बहुतेक भारतातले, मॉरिशसच्या भूमीवर उतरले. पुढे दक्षिणेला सुयाककडे जाताना उसाच्या शेतांत काळ्या दगडांच्या मोठमोठ्या राशी दिसतील. नांगर चालावा म्हणून लाव्हाचे हे धोंडे वेचून, वाहून रचले गेले, आणि ते कष्ट आधी गुलामांनी व नंतर या मजुरांनी केले. माझ्या दृष्टीने बेटावरील सर्वांत महत्त्वाचे स्मारक तेच आहे आणि त्यासाठी तिकीट लागत नाही. सुयाकजवळचा रोचेस्टर धबधबा लहान आहे, पण त्याच्या मागे कातळाचे उभे स्तंभ दिसतात. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी पाहिली असेल, तर ही रचना लगेच ओळखू येईल. शेवटी ग्री-ग्रीला जावे. बेटाभोवती जवळजवळ सर्वत्र असलेली प्रवाळाची भिंत येथे खंडित झाली आहे, म्हणून लाटा सरळ काळ्या कड्यांवर आदळतात. नातवंडे सोबत असतील, तर त्यांना येथे पाण्यात मुळीच उतरू देऊ नये.

प्रश्न : चामारेलची सप्तरंगी माती खरोखर नैसर्गिक आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : होय. बेसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून बनलेला काळा कातळ, उष्ण, दमट हवेत युगानुयुगे कुजत जातो, त्यातील विरघळणारे घटक पावसाने वाहून जातात आणि लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे राहतात. लोहामुळे तांबडे-तपकिरी रंग येतात आणि ॲल्युमिनियममुळे निळसर-जांभळ्या छटा. कोकणातला किंवा पाचगणीचा जांभाही अशाच झिजेतून तयार होतो. ढगाळ हवेत मात्र रंग फिके दिसतात.

प्रश्न : तेथे मराठी माणसे भेटतात का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : अवश्य भेटतात. एकोणिसाव्या शतकात मजूर म्हणून गेलेल्या मराठी कुटुंबांचे, विशेषतः आपल्याच कोकणातून गेलेल्यांचे, वंशज तेथे राहतात. पश्चिमेकडील कास्काव्हेल गावात त्यांची वस्ती आणि महाराष्ट्र भवन आहे. घरात बहुधा क्रिओल ही फ्रेंचवर आधारलेली स्थानिक भाषा बोलली जाते, परंतु शाळेत मराठी शिकता येते, गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते आणि आपली जाखडी तेथे ‘झाकरी’ या नावाने नाचली जाते. ल मॉर्नहून उत्तरेकडे परतताना कास्काव्हेल फारसे आडवाटेला पडत नाही. तेथे कोणी भेटले, तर संथपणे मराठीत बोलून पाहावे. उत्तर क्रिओलमध्ये आले, तरी त्यात ओळखीचा एखादा शब्द ऐकू येण्याची शक्यता आहे.