मुंबई ते नागपूर विमानाने किती अंतर आहे आणि किती वेळ लागतो? सकाळच्या विमानाने निघून दुपारी बाराचं लग्न गाठता येईल का?

सरळ रेषेत साधारण ६९० किलोमीटर. तिकिटावर दीड तासाच्या आसपास वेळ दिसेल. त्यातली हवेतली वेळ जेमतेम सव्वा तास. पण या दीड तासावरून आमच्या घरात सहा वर्षं अबोला आहे, म्हणून लिहितोय.

बाबा नागपूरजवळच्या काटोलला वारले. पहाटे चारला फोन आला. मी डोंबिवलीत. ८:४०चं तिकीट काढलं आणि सव्वापाचला पावसातच निघालो. विमान वेळेवर जागेवरून हललं आणि धावपट्टीच्या अलीकडे रांगेत थांबलं. जुलैचा पाऊस. खिडकीतून पुढची पाच विमानं दिसत होती. एक उडालं की आमचं हातभर पुढे सरकायचं. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते. पाऊण तास तिथेच गेला. उड्डाणही आधी पश्चिमेला समुद्रावर, मग वळसा घेऊन पूर्वेकडे. नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरून बाहेर यायला अकरा वाजले. तिथून काटोल साठ किलोमीटर. साडेबाराला घरी पोचलो तर अंगणात रिकामी बादली आणि ओले पायताण. माती होऊन गेली होती. बाबांचं तोंडही दिसलं नाही.

दादा सगळ्यांसमोर म्हणाला, "दीड घंट्याचं विमान, अन् तुले सात घंटे लागले?"

माझं स्पष्ट मत आहे: विमानाचा वेळ सांगताना फक्त दीड तास सांगणं ही फसवणूक आहे. घरापासून विमानतळ, तासभर आधी बंद होणारं काउंटर, सुरक्षा तपासणी, रांग, उतरल्यावर सामानाचा पट्टा आणि पुढची टॅक्सी, हे सगळं धरा. डोंबिवली ते काटोल सात तास होतात. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर आहे. तो त्या वेळी असता तर मी गाडीनेच निघालो असतो, निदान वाटेत कुठे आहे ते फोन करून सांगता आलं असतं. रेल्वेने ८३७ किलोमीटर पडतात. संध्याकाळी विदर्भ एक्सप्रेसला बसलं की सकाळी नागपूर.

तुम्ही अंधेरीत राहत असाल आणि हातात एकच बॅग असेल तर दोन तास सहज वाचतील, हेही खरं. तिकीट मुंबईचं आहे की नवी मुंबईचं तेवढं बघून घ्या. हिवाळ्यात वरचा वारा पश्चिमेकडून असतो, म्हणून नागपूरला जाताना थोडं लवकर पोचता आणि परतीला थोडा उशीर होतो.

लग्नाला आदल्या संध्याकाळीच जा. आणि नागपूरकरांना घरातून निघायची वेळ नाही, दारात पोचायची वेळ सांगा. त्या पहाटे मी फोनवर "विमानाने येतो" एवढंच म्हणालो होतो. किती वाजता ते मी सांगितलं नाही, दादानंही विचारलं नाही. विचारलं असतं तर साडेबारा म्हणालो असतो, आणि ते तोवर थांबले असते.