न्यूरोसायन्सचं मास्टर्स दोन देशांत मिळून करावं का?

तुम्ही विचारलंय की न्यूरोसायन्स आणि वर्तन या विषयात एक वर्ष एका देशात, दुसरं दुसऱ्या देशात असं मास्टर्स करावं, की दोन्ही वर्षं एकाच ठिकाणी काढावीत. मी पहिला मार्ग घेतला. आधी लंडन, मग पॅरिस.

दोन विद्यापीठांच्या शिक्क्यांचा मला तरी फारसा उपयोग झाला नाही. झाला तो भलत्याच गोष्टीचा. लंडनला माझं काम मॉरिस वॉटर मेझवर होतं. रिचर्ड मॉरिस यांनी १९८१ साली मांडलेली पद्धत: गोल हौदात गढूळ केलेलं पाणी, पाण्याखाली जेमतेम बुडलेला छोटा मंच, आणि उंदराने आजूबाजूच्या खुणांवरून तो शोधायचा. मंच सापडायला किती सेकंद लागतात, हेच आम्ही मुख्यतः मोजायचो. एक उंदीर रोज पूर्ण मिनिटभर पोहायचा, पण मंच काही सापडायचा नाही. मी वहीत लिहून मोकळी झाले, 'स्मृती कमकुवत'. पॅरिसच्या लॅबमध्ये वर्तनवाल्यांचा भरणा. तिथल्या गाइडने त्याच उंदराचा व्हिडिओ पाहून विचारलं, "हा भिंतीला चिकटून का पोहतोय?" खरंच की! मिनिटभर कडेकडेनेच फेऱ्या, मध्ये यायचं नावच नाही. तो विसराळू नसून घाबरलेला असू शकतो, हे वर्षभर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्या एका प्रश्नामुळे माझा प्रबंध बदलला.

आता त्याची किंमत. प्राण्यांवर प्रयोग करायचा परवाना सोबत नेता येत नाही. ब्रिटनमध्ये १९८६च्या कायद्याखाली स्वतःच्या नावाचा परवाना काढावा लागतो. फ्रान्समध्ये युरोपीय संघाच्या २०१०च्या निर्देशावर बेतलेले नियम. पुन्हा प्रशिक्षण, पुन्हा कागद. मी तीन महिने नुसती जुन्या व्हिडिओंवर बसून होते. (ते व्हिडिओ सोबत न्यायची लेखी परवानगी आधीच घेतली होती, म्हणून वाचले.) माणसांवर किंवा नुसत्या डेटावर काम करणार असाल तर हा त्रास बराच कमी, पण नैतिक समितीची मंजुरी तिथेही लागतेच.

कोणी तुम्हाला मोसर दांपत्याचं, म्हणजे मेंदूला जागेचं भान कसं येतं हे शोधणाऱ्या नॉर्वेच्या शास्त्रज्ञांचं, उदाहरण देईल. ऑस्लोत पीएचडी, मग एडिनबरा आणि लंडनच्या लॅब, पुढे २०१४चं नोबेल. खरं आहे, पण त्यांची ती भटकंती मुख्यतः पीएचडीनंतरची. मास्टर्सच्या दोन वर्षांत तेवढी सवड नसते.

पैशांची अडचण असेल तर युरोपीय संघाच्या इरास्मस मुंडुस योजनेतले संयुक्त अभ्यासक्रम बघा. त्यात किमान दोन देशांत शिकावंच लागतं, आणि शिष्यवृत्ती मिळाली तर महिना १४०० युरो मिळतात, फी लागत नाही.

मी पुन्हा हेच करेन. फक्त अर्ज भरण्याआधी दुसऱ्या वर्षाच्या गाइडला मेल टाकून सरळ विचारेन: सप्टेंबरमध्ये आले तर पहिल्या उंदराला हात लावायला कोणता महिना उजाडेल?