रुळावर गेला म्हणून चूक त्याचीच, असं कायद्यात कुठं लिहिलंय?

प्रश्न: आमचे शेजारी रूळ ओलांडताना रेल्वेखाली गेले. घुसखोरी होती, काही मिळणार नाही, असं सगळे म्हणतात. रेल्वेवर दावा लावता येतो का?

येतो. अवघड आहे, पण येतो. 'सगळे म्हणतात' हे वाचलं आणि लिहायला बसले. माझ्या मावशीचा दहावा व्हायच्या आत थोरले मामा हेच बोलले होते.

मावशी इथं सोलापुरात बिड्या वळायची. वळलेला माल कारखान्यात द्यायला जाताना मधे रूळ. पूल होता, पण लांबचा वळसा. आणि उशीर झाला की माल घेणारा ऐकून घ्यायचा नाही. अख्खी वस्तीच कुंपणाच्या भगदाडातून जायची, शाळेची पोरंसुद्धा. त्या दिवशी मालगाडी जाईपर्यंत ती थांबली. शेवटचा डबा गेला, ती निघाली, आणि दुसऱ्या लाईनीवरून गाडी आली. एकेरी लाईन होती तेव्हा गाडी गेली म्हणजे रूळ मोकळा, ही सगळ्यांची जन्माची सवय. त्यात विजेचं इंजिन डिझेलसारखं लांबून धडधडत येत नाही.

पंचनाम्यात आलं, 'निष्काळजीपणे रूळ ओलांडताना'. भगदाडाचं नाव नाही, रोजच्या वाटेचं नाही. मावशीच्या यजमानांनी, काकांनी, सही केली. मी म्हणाले, वकील बघू. मामा म्हणाले, "मेलेल्या बहिणीचे पैसे खायचेत का? चूक तिचीच." काका गप्प बसले, मुदत गेली.

आता कायदा. गाडीतून पडून प्रवासी गेला तर रेल्वे दावा न्यायाधिकरणात 8 लाख मिळतात, रेल्वेची चूक दाखवावी लागत नाही. चालत रूळ ओलांडणाऱ्याला ही तरतूद लागू नाही. त्याच्या वारसांनी दिवाणी कोर्टात जायचं, 1855 च्या प्राणांतिक अपघात कायद्याखाली, आणि रेल्वेचा हलगर्जीपणा स्वतः सिद्ध करायचा. मृत्यूपासून मुदत 2 वर्षं. दाव्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची नोटीस, आपल्याकडं मध्य रेल्वेच्या महाव्यवस्थापकांना, मुंबईला. मग 2 महिने थांबायचं.

रेल्वे कायद्यातलं घुसखोरीचं कलम 147 सगळे तोंडावर फेकतात. ते रुळावर शिरणाऱ्याला शिक्षा सांगतं: 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. रेल्वेला तिची स्वतःची हयगय माफ, असं त्यात नाही. केरळातल्या बिनफाटकाच्या क्रॉसिंगवरच्या 1979 च्या अपघातात सर्वोच्च न्यायालयानं 1997 साली रेल्वेवर काळजी घेण्याची जबाबदारी धरली. रेल्वे सुरक्षेसाठी नेमलेल्या काकोडकर समितीनं 2012 मध्ये लिहिलं की रुळांवर वर्षाला सुमारे 15 हजार माणसं मरतात आणि कुठल्याही सुसंस्कृत समाजाला हे चालणार नाही. एवढी सगळी माणसं काय बेफिकीर होती, मामा?

हं, क्रॉसिंग वेगळं आणि कुंपणातली वाट वेगळी, हे रेल्वेचे वकील सांगतीलच. माणूस कानात हेडफोन घालून गेला असेल तर मीही रेल्वेला दोष देणार नाही. थोडी चूक त्याची ठरली तर रक्कम कापतात. म्हणून भगदाडाचे, वाटेचे फोटो आजच काढा, ते बुजवायच्या आत. वस्तीनं पूर्वी पुलासाठी अर्ज दिला असेल तर त्याची पोच शोधा.

आणि घरात कुणी 'मेलेल्याचे पैसे' म्हणालं तर ऐकू नका. मावशीच्या धाकटीनं शाळा सोडून बिड्यांचं सूप मांडीवर घेतलं. हक्क तिचा होता, सोडून दिला मामांनी.